‘आजा सांगायचा’ हा पुरावा का नाही?

कोळीवाड्यातलं, गिरणगावातलं, खेड्यापाड्यातलं तोंडी ज्ञान इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कसं जाणार? आणि ते तिथं जावं, असं वाटत असेल तर गावानं काय करायला हवं?

मुंबईच्या किनाऱ्यावरच्या जुन्या कोळ्याला विचारा, आज भरती किती वाजता? तो घड्याळ बघत नाही. तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघाला. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पाणी भरणार, आणि पहाटे तीनच्या सुमारालाही. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण होडी पाण्यात ढकलायला एवढा हिशेब पुरतो.

शास्त्र विचाराल तर तेही सरळ आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तेवढीच पुढं सरकते. पाऊण तास धरला की हिशेब तोंडच्या तोंडी होतो. ज्या बाईनं शाळेचं तोंड बघितलं नाही, ती मासळीची पाटी भरता भरता हा हिशेब करते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ती उधाण म्हणते, अष्टमीच्या आसपासच्या मरतुकड्या भरतीला भांग म्हणते. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या तारखा जाहीर करते. त्या दिवशी मोठा पाऊस आला की परळच्या हिंदमाता भागात काय होतं, हे दादर-परळच्या माणसाला सांगायला नको. त्या तारखा बहुतेक कुठल्या तिथींच्या आसपास येणार, हे कोळीवाड्याला यादीआधीच माहीत असतं.

आता समजा, कोळीवाड्यातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला वाटलं, हे सगळं विकिपीडियावर लिहावं. जगभरची माणसं जो ज्ञानकोश इंटरनेटवर फुकट वाचतात आणि ज्यात कुणालाही भर घालता येते, तो हा विकिपीडिया. पोरगं लिहितं. लगेच दुसरा कुणी संपादक विचारतो, याला संदर्भ काय? पोरगं म्हणतं, माझा आजा. तांडेल होता, चाळीस वर्षं समुद्रात गेला. उत्तर येतं, आजा चालणार नाही. छापील पुस्तक, नियतकालिक, वर्तमानपत्र असं काही असेल तर सांगा, नाहीतर मजकूर काढून टाकावा लागेल.

एखाद्या प्राध्यापकानं हाच नियम पुस्तकात छापला असेल तर तो चालतो. त्या प्राध्यापकानं तो कुणाकडून ऐकला? तांडेलाकडूनच! मग पुस्तकाचा हवाला खरा आणि तांडेलाचा खोटा, हे कसं?

कोशवाल्यांची बाजू

रागावण्याआधी दुसरी बाजूही समजून घेऊ. विकिपीडियाचे मुख्य नियम तीन. लिहिलेली गोष्ट वाचणाऱ्याला पडताळून बघता आली पाहिजे. स्वतःचं नवं संशोधन तिथं मांडायचं नाही. आणि कुणा एकाची बाजू घ्यायची नाही. कोश लिहिणाऱ्यांत प्राध्यापकही असतात आणि दहावीतला विद्यार्थीही असतो. कुणी कुणाला ओळखत नाही. अशा ठिकाणी लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही, तो पुराव्यावरच ठेवावा लागतो.

आणि खरं सांगायचं तर आपणही काही कमी नाही. ‘शिवाजीमहाराज आमच्या वाड्यात जेवून गेले’ असं सांगणारा वाडा कुठल्या तालुक्यात नाही? पांडवांनी एका रात्रीत बांधलेली लेणी आणि भीमानं टाकलेले धोंडे तर डोंगरोडोंगरी आहेत. एका गावची हद्द दुसऱ्या गावाला मान्य नसते, मानपानाचा इतिहास एका भावकीचा दुसरीला पटत नाही. उद्या प्रत्येकानं ‘आमचा आजा सांगायचा’ म्हणून लिहायला सुरुवात केली, तर कोशाची चावडी व्हायला किती वेळ?

म्हणून नियम हवेत, यात वाद नाही. वाद आहे तो ‘पुरावा म्हणजे छापील कागदच’ या हट्टाबद्दल. ज्या समाजांत शेकडो वर्षं पुस्तकं छापली गेली, त्यांची बारीकसारीक गोष्टही कोशात जाते. ज्यांच्याकडं लिहिण्याची परंपरा नव्हती, किंवा ज्यांना लिहू दिलं गेलं नाही, त्यांचं सगळं शहाणपण दाराबाहेर राहतं. कोळी, ठाकर, कातकरी, वारली, धनगर, वैदू आणि सगळ्या जातींतल्या बायका या बहुतेक दाराबाहेरच्याच मंडळी आहेत.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. आज त्यात सुमारे एक लाख लेख आहेत. इंग्रजीत ते सत्तर लाखांच्या घरात आहेत. हा फरक नुसता भाषेचा नाही, छापील कागदाचाही आहे. शिवाय आता संगणकाला प्रश्न विचारला की तो माणसासारखं उत्तर देतो, आणि ते उत्तर द्यायला तो शिकतो तेही बऱ्याच अंशी अशाच कोशांतून. जे कोशात नाही ते त्याच्या उत्तरातही यायचं नाही.

एक धाडसाचा प्रयोग

या हट्टाला भारतातूनच एकानं आव्हान दिलं होतं. बंगळूरचे अचल प्रभला यांनी २०११ साली काही साथीदारांसह ‘तोंडी संदर्भां’चा प्रयोग केला. भारतात मल्याळम आणि हिंदी, दक्षिण आफ्रिकेत सेपेडी अशा तीन भाषा घेतल्या. गावात जायचं, जाणत्या माणसांना विचारायचं, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, ते सर्वांना ऐकता येईल असं इंटरनेटवर ठेवायचं आणि लेखाखाली संदर्भ म्हणून त्याच मुद्रणाचा हवाला द्यायचा, अशी ती पद्धत. विषयही साधे घेतले होते. केरळातल्या पोरांचा ‘डब्बा कळी’ हा खेळ, उत्तरेकडचा ‘सुर्र’ हा खेळ, आफ्रिकेतल्या मारुला फळाची घरगुती दारू. लाखो लोकांना ठाऊक असलेल्या, पण छापील पुराव्यावाचून कोशाबाहेर राहणाऱ्या गोष्टी. या खटपटीवर ‘पीपल आर नॉलेज’ नावाचा माहितीपटही निघाला. नावाचा अर्थ सरळ, माणसं हेच ज्ञान.

त्याच वर्षी १८ ते २० नोव्हेंबरला भारतातल्या विकिपीडियाकारांची पहिली मोठी परिषद मुंबईत, फोर्टातल्या मुंबई विद्यापीठाच्या आवारात भरली. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स त्या परिषदेला आले होते. भारतीय भाषांचा ज्ञानकोश कसा वाढवायचा, हा तेव्हाचा प्रश्न होता आणि तो आजही शिल्लक आहे.

प्रभलांच्या प्रयोगाचं पुढं काय झालं? इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांत बराच वाद झाला. ध्वनिमुद्रण हा मूळ पुरावा झाला, त्यावरून लिहिणं म्हणजे स्वतःचं संशोधन, असं अनेकांचं म्हणणं पडलं. नियम काही बदलला नाही. पण जगभरच्या आदिवासी आणि मौखिक परंपरेच्या समाजांत हा विषय तेव्हापासून निघाला आहे, तो मिटलेला नाही.

हे मराठीला नवीन नाही

खरं तर ‘तोंडचं कागदावर आणणं’ हा धंदा मराठीत जुना आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली निघालं. बलुतेदार, अलुतेदार, गावकी, भटके यांची त्यातली माहिती कुठल्या पोथीतून आलेली नाही. महसूल खात्यात नोकरी करताना पाहिलेलं-ऐकलेलंच त्यांनी लिहून काढलं. आज तेच पुस्तक अभ्यासक पुरावा म्हणून दाखवतात.

दुर्गाबाई भागवत मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, वर्षानुवर्षं अभ्यासाला बसत. पण लोककथा आणि लोकगीतं याही ज्ञानच आहेत, हे मराठी वाचकाला त्यांनी ठणकावून सांगितलं. डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून गावोगावच्या ओव्या, उखाणे, म्हणी, सणावारांच्या चाली गोळा करून पुस्तकांमागून पुस्तकं काढली. ही सगळी खटपट झाली नसती, तर आपल्या पणज्यांचं अर्धं बोलणं त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

सगळ्यात मोठं काम झालं ते जात्यावरच्या ओव्यांचं. फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी पॉइटवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून मावळ-मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या! त्यातल्या हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार बेल यांनी त्यांची संगणकावर सूची बांधली. पॉइटवँ २००४ साली गेले, राईरकरबाई २०१० साली. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात या ओव्या कुणालाही इंटरनेटवर वाचता-ऐकता येतात.

या कामातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गावाचं नाव असतं. ‘एक ग्रामीण स्त्री’ एवढ्यावर भागवलेलं नाही. कुठल्याही पुस्तकात लेखकाचं नाव छापतात, तसंच हे. तोंडी ज्ञानाला पुरावा करायचा तर पहिली पायरी हीच.

गिरणगावची गोष्ट

मुंबईतल्या गिरणगावाचा आणि आपल्या गावांचा संबंध नव्यानं सांगायला नको. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरची माणसं परळ, लालबाग, करी रोड, शिवडीच्या चाळींत राहिली. एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोल्या, खानावळीतली घरगुती चव, शिमग्या-गणपतीला गावी निघालेली गर्दी, चाळीच्या आवारात रात्रभर चाललेलं भजन, नमन, जाखडी. शक्ती-तुऱ्याचे सामने परळच्या दामोदर नाट्यगृहात रंगत. शाहिरानं गुरूचं नाव घेऊन सवाल टाकायचा आणि समोरच्यानं जागच्या जागी जबाब द्यायचा. कुठल्या शाहिराचा गुरू कोण, कुणाची गादी कुठून चालत आली, हे सगळं तोंडी. ते नाट्यगृह २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झालं.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. पुढं एकेक गिरणी बंद पडली आणि गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. गावाकडं पिठाची गिरणी आली तेव्हा जातं गप्प झालं, आणि मुंबईत कापडाची गिरणी बंद पडली तेव्हा चाळ गप्प झाली.

पण गिरणगाव अगदीच मुकं गेलं नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर या दोघींनी शंभरावर माणसांना बोलतं केलं. कामगार, कामगारांच्या बायका, शाहीर, कार्यकर्ते, खानावळवाल्या. २००४ साली ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ या नावानं त्याचं इंग्रजी पुस्तक निघालं. आज गिरणगावाबद्दल कुठंही लिहायचं तर या पुस्तकाचा हवाला देतात. माणसं तीच, बोलणं तेच. छापण्याआधी तो ‘म्हाताऱ्याच्या गप्पा’ होता, छापल्यावर तो ‘संदर्भग्रंथ’ झाला! म्हणजे उणीव माणसाच्या शब्दात नव्हती. तो टिपून घेणारा, पारखणारा आणि छापणारा कुणी भेटला नव्हता, एवढंच.

कागदावर नाही म्हणून किती महाग पडतं

‘कोशात नाव आलं काय, न आलं काय, पोट थोडंच भरतं?’ असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी दोन उदाहरणं.

पहिलं हळदीचं. जखमेवर हळद दाबायची, हे आपल्याकडं पोराटोराला ठाऊक. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला याच गुणाबद्दल पेटंट मिळालं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याविरुद्ध दाद मागितली. परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गिरगावात वाढलेले, युनियन हायस्कूलमध्ये शिकलेले. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे परदेशातला नुसता तोंडी वापर पुरावा म्हणून चालत नसे. छापील कागद हवा असे. ‘आमच्या आया-आज्या लावतात’ हे शंभर कोटी लोकांनी एका सुरात सांगितलं असतं, तरी उपयोग नव्हता. परिषदेनं जुने ग्रंथ आणि शोधनिबंध मिळून बत्तीस संदर्भ शोधून काढले. त्यात १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

हळद वाचली, कारण ती पोथीत होती. जी मुळी फक्त डोंगरातल्या ठाकराला ठाऊक आहे, तिचं काय? पुढं २००१ पासून भारत सरकारनं पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभा केला आणि तो परदेशच्या पेटंट कचेऱ्यांना बघायला दिला. चांगलं काम झालं. पण त्याचा मुख्य आधार आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे लिहिलेले ग्रंथ हाच आहे. म्हणजे तिथंही पोथीवाल्याला जागा, तोंडीवाला उंबऱ्याबाहेरच.

दुसरं उदाहरण वरळीचं. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब वरळी कोळीवाड्याच्या होड्यांच्या वाटेवर येत होते. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. कोळ्यांचं म्हणणं, वारा आणि पाण्याचा ओढ असताना एवढ्यातून होडी सुखरूप निघत नाही. पाण्याची ओढ कुठं कशी असते, खडक कुठं आहे, हे त्यांच्या पिढ्यांना पाठ. पण पाठ असलेलं नकाशावर नव्हतं. आंदोलन झालं, काम अडलं, बैठकांवर बैठका झाल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये अंतर १२० मीटर करण्याचं सरकारनं मान्य केलं. हेच ज्ञान आधीच कुठं नोंदलेलं असतं, तर आराखडा करणाऱ्याला ते बघावं लागलं असतं.

मासेमारीबंदीचंही तसंच. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही कोळ्यांची रीत. पौर्णिमा सहसा ऑगस्टात येते. तोवर दर्या शांत होत नाही आणि मासळीचीही वाढ व्हायची असते, असं जुनी माणसं सांगतात. कायद्याच्या तारखा लिहिलेल्या आहेत म्हणून त्या पक्क्या, आणि पौर्णिमा तोंडी म्हणून ती ‘श्रद्धा’!

सगळंच कोशात जावं का?

आता जरा सावधही राहू. विकिपीडियावरचा मजकूर कुणालाही, अगदी धंद्यासाठीसुद्धा, वापरता येतो. कोशाचा हवाला मात्र द्यावा लागतो. खेळ, ओवी, सण, शेताच्या आणि पाणवठ्यांच्या नावांबाबत यात काही बिघडत नाही. उलट जितक्यांना कळेल तितकं बरं. पण वैदूचं औषध, रानातल्या दुर्मिळ वनस्पतीचा ठावठिकाणा, एखाद्या समाजानं आपल्यापुरतं राखलेलं देवाधर्माचं गुपित, हे कुणी परस्पर चव्हाट्यावर मांडू नये. एकदा इंटरनेटवर गेलेलं परत घेता येत नाही. ज्याचं ज्ञान त्याची परवानगी, हा नियम इथं पहिला.

दुसरी गोष्ट, ‘लोक असं सांगतात’ आणि ‘हे असं आहे’ यांत फरक आहे. ओवी कशी गातात, लगोरी कशी खेळतात, भावकीत कुणाला काय म्हणतात, याबाबत सांगणारा हाच तज्ज्ञ. त्याला दुसऱ्या कुणाची सही नको. पण साप चावल्यावर कुठला पाला द्यायचा, हे ‘लोक सांगतात’ एवढ्यावर कोशात छापलं आणि कुणी दवाखान्याऐवजी पाल्याच्या नादी लागला, तर जीव जाईल. तिथं ‘अमुक भागात अशी समजूत आहे’ एवढंच लिहावं, आणि साप चावला तर सरळ सरकारी दवाखाना गाठावा, हेही लिहावं.

महाराष्ट्राचा स्वतःचा मोठा कोश म्हणजे मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला त्याची घडी बसवली, पहिला खंड १९७६ साली आला, पुढं वीस खंड पुरे झाले आणि आता तो इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. त्याच्या मंडळाची मुंबईची कचेरी दादरजवळ प्रभादेवीला, रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत आहे. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. तज्ज्ञानं लिहायचं आणि जबाबदारी घ्यायची, ही तिथली रीत. वेगवेगळ्या विषयांची ज्ञानमंडळं नेमून नोंदी नव्यानं लिहून घेण्याचं कामही तिथं चालतं. मग समुद्राच्या नोंदीला तांडेल आणि रानभाज्यांच्या नोंदीला ठाकरीण सहलेखक म्हणून का असू नयेत? सांगणाऱ्याचं नाव तज्ज्ञाच्या नावाशेजारी छापलं तर नोंदीचं वजन कमी होणार नाही, वाढेलच. मंडळानं यावर जरूर विचार करावा.

गावानं काय करायचं?

कोशवाल्यांचे नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. छापील पुरावाच हवा ना? मग तो तयार करता येतो!

जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांनी मिळून लिहिलेली लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना आपल्या देशात रुजवली. गावातली झाडं, पिकांची वाणं, मासे, औषधी आणि त्यांची जाणकार माणसं, या सगळ्यांची नोंद त्यात करायची असते. कुणी व्यापारी धंद्यासाठी माल न्यायला आला तर त्याच्याकडून शुल्क घेण्याचा अधिकारही समितीला आहे. ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या गावची वही कुठं आहे? त्यात काय लिहिलं आहे? ज्या म्हाताऱ्याला रान पाठ आहे त्याचं नाव त्यात आहे का?

मुंबईकर मंडळींसाठी दुसरं काम. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांची मुंबईत मंडळं आहेत. रौप्यमहोत्सवाला, सुवर्णमहोत्सवाला त्यांनी स्मरणिका काढल्या. गावचा इतिहास, देवळाची कथा, जुन्या नाटकांतली कामं, पहिल्यांदा मुंबईला कोण आलं, सगळं त्यात छापलेलं असतं. ती स्मरणिका गावकीच्या खोलीतल्या ट्रंकेत असते, आणि खोली विकली की ट्रंक भंगारात जाते. तिच्या दोन प्रती ग्रंथालयात द्या. दादरला १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. टाऊन हॉलमध्ये मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तालुक्याला वाचनालय आहे. ग्रंथालयात असलेल्या छापील कागदाचा हवाला कुणालाही देता येतो. मंडळाचं इतिवृत्तही जपून ठेवा, पन्नास वर्षांनी त्याला सोन्याचं मोल येईल.

तिसरं काम शिक्षकांचं आणि पोरांचं. आता घराघरांत मोबाइल आहे, त्यात आवाज टिपता येतो. दिवाळीच्या सुटीत आजीसमोर बसा. आधी तिची परवानगी घ्या. सुरुवातीला तिचं नाव, गाव, माहेर, तारीख मोबाइलमध्ये बोला. मग एकच विषय घ्या. पेरणीची नक्षत्रं, भाताची जुनी वाणं, गौरीची गाणी, विहीर कुठं लागते याचा अंदाज. मध्ये तोडू नका, तिचे शब्द सुधारू नका. ‘शुद्ध’ करायच्या नादात अर्धं ज्ञान सांडतं. तीच गोष्ट शेजारच्या वाडीत आणखी दोघांना विचारा. तिघांचं जुळलं तर तो पुरावा पक्का होतो. नाही जुळलं, तर ‘इकडं असं, तिकडं तसं’ हेही लिहून ठेवा.

आणि चौथं काम आमच्यासारख्या वर्तमानपत्रांचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं उदाहरण घ्या. शाळेत न गेलेल्या या बाईनं गावठी बियाणं जपलं, वाणावाणाचा गुण तिला पाठ. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं, आणि आज बीजमाता म्हणून इंटरनेटवर त्यांची माहिती मिळते, कारण आता छापील पुरावा आहे. पण पद्मश्रीची वाट कशाला बघायची? अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात नाव-गावानिशी, नीट विचारून छापलेला मजकूर हाही ज्ञानकोशाला चालणारा संदर्भ असतो. तेव्हा गावच्या वार्ताहरानं पुढाऱ्याच्या वाढदिवसाला जेवढी जागा दिली, तेवढीच वाडीवरच्या सुईणीला, जुन्या तांडेलाला, पाथरवटाला, जाखडीच्या शाहिराला द्यावी.

तिथीची पाऊणपट करून भरती सांगणारा माणूस आज आहे. त्याचा नातू ॲपवर भरती बघतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण दर्यात रेंज नसते. तिथं आज्याचाच हिशेब लागतो. तो आज लिहून घेतला नाही, तर उद्या विचारायचं कुणाला?